कांदा, ढाका आणि १२० तास : एका दूरस्थ इंटर्नशिपचं प्रकरण

२०२४च्या जानेवारीत एम.ए. राज्यशास्त्राच्या पहिल्या वर्षासमोर मी फळ्यावर एकच ओळ लिहिली : ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग), ४ क्रेडिट, १२० तास. नव्या शैक्षणिक धोरणाचं आमच्याकडचं ते पहिलंच वर्ष. दुसऱ्या सत्रात प्रत्येकाने एखाद्या आस्थापनेत प्रत्यक्ष काम करायचं, त्याची डायरी ठेवायची आणि शेवटी आस्थापनेचं पत्र आणायचं. रसायनशास्त्राची मुलं सातपूर-सिन्नरच्या एमआयडीसीत दार ठोठावतात, वाणिज्यच्या मुलांना सीएचं ऑफिस नाहीतर पतसंस्था मिळते. राज्यशास्त्राची मुलं ग्रामपंचायत, पंचायत समिती, फार तर एखादी सामाजिक संस्था इथवर जातात. त्या दिवशी तिसऱ्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, मला आंतरराष्ट्रीय संबंधांत करायचंय. चालेल का?"

विचारणारी मुलगी निफाड तालुक्यातली, लासलगावजवळच्या एका गावची. तिचं नाव इथे देत नाही. घरची तीन एकर जमीन, त्यात कांदा आणि थोडा मका. रोज एसटीने येणं-जाणं. आमच्या भागात या विषयाची आस्थापना आणायची कुठून, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. मी "बघू" म्हटलं, आणि पुढचे चार महिने आम्ही दोघी ते बघत राहिलो.

मार्गदर्शक म्हणून त्या काळात माझ्याकडून काही चुका झाल्या. त्या पुढच्या मुलांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे.

दारं कुठे कुठे आहेत

पहिला आठवडा शोधण्यात गेला. तिने मोबाइलवर सर्वात आधी जे शोधून आणलं ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं होतं. २००९ साली तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात एक योजना जाहीर केली : कॉलेजच्या मुलांनी आपल्या खोलीत बसून, आठवड्याला साधारण १० तास, जगभरातल्या दूतावासांसाठी काम करायचं. शैक्षणिक वर्षभर, म्हणजे सप्टेंबर ते मे. मानधन नाही. पुढे इतर सरकारी खातीही त्यात आली आणि नाव 'व्हर्च्युअल स्टुडंट फेडरल सर्व्हिस' झालं. कोविडच्या कितीतरी आधी दूरस्थ इंटर्नशिपची ही घडी बसलेली होती. माहिती वाचताना तिचा चेहरा उजळला होता. मग अटींमध्ये 'अमेरिकन नागरिक' हे शब्द आले. न्यू जर्सीत जन्मलेल्या मराठी घरातल्या मुलीला जे दार उघडं होतं, ते निफाडच्या मुलीला नव्हतं. तिने टॅब बंद केला आणि पुढचं शोधायला घेतलं.

आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची इंटर्नशिप चांगली आहे. महिना १०,००० रुपये मानधन आणि दिल्लीला जाण्यायेण्याचं विमानभाडंही मिळतं. खेड्यातल्या मुलांसाठी भाडं देण्याची तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण विषयाची आवड असलेली मुलं बहुतेक वेळा तिकिटापाशीच अडतात. पण ती दिल्लीत राहून करायची असते. आमच्या सत्राचे तास आणि घरची कांदाकाढणी नेमकी त्याच महिन्यांत. तो विचार सोडावा लागला.

संयुक्त राष्ट्रांचं नाव तिच्या वहीत पहिल्या पानावर होतं. तिथली सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी असते, आणि २०१५ साली न्यूझीलंडचा डेव्हिड हाइड हा बावीस वर्षांचा इंटर्न जिनिव्हात खोली परवडत नाही म्हणून तंबूत राहत होता, ही बातमी जगभर गाजली होती. मी ती वर्गात सांगितली तेव्हा मुलांना खरी वाटली नाही. दूरस्थ कामाची बाजू घेताना मला नेहमी तो तंबू आठवतो. शहराचं भाडं भरू शकणाऱ्यांनाच जर जगाचे व्यवहार आतून बघायला मिळत असतील, तर घरून काम करण्याची सोय ही दुय्यम प्रतीची तडजोड मानता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाची ऑनलाइन शाखाही आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेला कोणीही, कुठूनही, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करू शकतो. तिने तिथे नोंद केली, तीन ठिकाणी अर्ज केले. भाषांतर, आलेखन, संकेतस्थळाची दुरुस्ती अशी कामं होती. उत्तर आलं नाही.

आणि मग एक उत्तर फारच लवकर आलं. 'आंतरराष्ट्रीय मुत्सद्देगिरी' शिकवणारी चार आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप, निवड झाल्याचं अभिनंदन, नोंदणी शुल्क २,९९९ रुपये, अठ्ठेचाळीस तासांत भरावे. सोबत प्रमाणपत्राचा नमुना, त्यावर संयुक्त राष्ट्रांच्या चिन्हासारखा पृथ्वीचा गोल आणि दोन बाजूंना ऑलिव्हच्या फांद्या. तिच्या वडिलांनी पैसे द्यायची तयारी दाखवली होती. मी तिला तीन गोष्टी विचारायला लावल्या : माझं काम कोण वाचणार, त्या माणसाचं स्वतःचं लेखन कुठे वाचायला मिळेल, आणि शुल्क कशाचं? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर मिळालं नाही. तिसऱ्याला सवलत मिळाली, शुल्क १,९९९ झालं. आम्ही नकार कळवला. त्याच महिन्यात माझ्या दुसऱ्या वर्गातल्या दोघांनी तसेच पैसे भरून तशीच प्रमाणपत्रं आणली होती. त्यांच्यावर रागवावंसं वाटलं नाही. १२० तासांचा आकडा आम्ही त्यांच्यासमोर ठेवला होता, जागा मात्र दाखवल्या नव्हत्या.

जानेवारीच्या अखेरीस दिल्लीतल्या एका छोट्या धोरण-अभ्यास गटाने तिला घेतलं. दक्षिण आशियाच्या व्यापारावर काम करणारी पाच-सहा माणसं. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर झाली. घरच्या कांद्याचं काय चाललंय, हेही त्या संशोधक बाईंनी विचारलं, आणि तिने जे सांगितलं ते त्या लिहून घेत होत्या. मानधन शून्य. याबद्दल मी त्यांना मेल लिहिला. उत्तर प्रामाणिक होतं : त्यांच्याकडे इंटर्नसाठी तरतूदच नव्हती. मी पुढे रेटलं नाही. रेटायला हवं होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती जितके दिवस लॅपटॉपसमोर बसली, तितके दिवस घरच्यांना शेतात तिच्या जागी बाई लावावी लागली. 'बिनपगारी' हा शब्द आपण मुलांच्या बाजूने मोजतो. त्या घरात त्याचा खर्च मजुरीच्या दराने मोजला गेला.

घरात बसून कसलं ऑन-जॉब?

कॉलेजच्या समितीत हा प्रश्न एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारला आणि तो रास्त होता. आमच्या फॉर्मवर आस्थापनेचा शिक्का, हजेरीपत्रक, मार्गदर्शकाच्या भेटीचा दिनांक असे रकाने होते. दूरच्या संस्थेचा शिक्का कुठून येणार आणि मी भेट द्यायला कुठे जाणार? शेवटी असं ठरलं : रोजची डायरी गुगल डॉकमध्ये, तिच्यावर दिल्लीच्या संशोधक बाईंची आठवड्याची टिप्पणी, आणि माझी भेट तिच्या घरी, त्याच वेळी दिल्ली व्हिडिओवर. ती भेट मार्चमध्ये झाली, तिच्याबद्दल पुढे सांगते.

पहिला महिना कोरडा गेला. तिला रोज सकाळी बांगलादेशातली इंग्रजी वर्तमानपत्रं वाचून भारताशी संबंधित बातम्या एका तक्त्यात भरायच्या होत्या : तारीख, मथळा, विषय, दुवा. ७ जानेवारी २०२४ला तिथे निवडणूक झाली होती, शेख हसीना पुन्हा सत्तेवर आल्या होत्या, आणि भारतीय मालावर बहिष्काराची हाक समाजमाध्यमांवर फिरत होती. तक्ता रोज वाढत होता. ती रोज सहा वाजता उठून, वीज असेल तोवर, चाळीस-पन्नास ओळी भरत होती. त्या तक्त्याचं पुढे काय होतं, हे तिला कोणी सांगितलं नाही. वीस दिवसांनी तिने मला विचारलं, "मॅडम, हे कोणी वाचतं का?"

मी तिला धीर दिला, की सुरुवातीला असंच असतं. माझी ही पहिली चूक. ऑफिसात बसलेल्या इंटर्नला शेजारच्या टेबलावर आपला तक्ता उघडलेला दिसतो, कोणी त्यातून काही उचलताना दिसतं, चहाच्या वेळी "तुझी ती बुधवारची बातमी कामी आली" असं एक वाक्य कानावर पडतं. घरून काम करणाऱ्या मुलीला यातलं काहीच दिसत नाही. मी दिल्लीला एक ओळ लिहायला हवी होती. अखेर ती ओळ तिनेच लिहिली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला एका टिपणाचा मसुदा पाठवला, ज्यात तिच्या तक्त्यातल्या अकरा नोंदी वापरल्या होत्या. तो मसुदा तिने छापून घेतला, त्या अकरा जागा पेनाने अधोरेखित केल्या, आणि वर्गात मला दाखवायला आणला.

चॅटम हाउसचा नियम

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिला एका ऑनलाइन चर्चेत श्रोता म्हणून बसायला मिळालं. निवृत्त राजदूत, दोन-तीन प्राध्यापक, ढाक्याचे एक पत्रकार, व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी. सुरुवातीला निवेदकांनी एका वाक्यात सांगितलं, की ही चर्चा चॅटम हाउस नियमाखाली आहे. तिने वहीत लिहिलं, "चॅटम हाउस = ?" आणि नंतर शोधायचं ठरवलं.

रात्री साडेआठला तिच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवर स्क्रीनचा फोटो होता. चौदा चौकोन, प्रत्येकाखाली नाव, वर ओळ : "आज थेट ढाक्याशी!" मी तो पाहिला. मला अभिमान वाटला आणि मी पसंतीचा अंगठा दिला.

साडेनऊला दिल्लीहून तिला फोन आला. चॅटम हाउस हे लंडनमधल्या एका नामांकित अभ्यास संस्थेचं घर. तिथे १९२७ साली हा नियम तयार झाला : बैठकीत मिळालेली माहिती खुशाल वापरा, पण ती कोण बोललं, तो कोणत्या संस्थेचा, किंवा बैठकीला आणखी कोण होतं, हे बाहेर सांगायचं नाही. यामुळेच सरकारी पदावर असलेला माणूसही दोन शब्द मोकळेपणाने बोलतो. ढाक्याच्या पत्रकारासाठी तर त्या दिवसांत भारतीय संशोधकांच्या बैठकीत बसल्याचा फोटो फिरणं ही साधी गोष्ट नव्हती.

स्टेटस एका मिनिटात काढलं. पण ती रात्रभर झोपली नाही आणि सकाळी पहिल्या एसटीने कॉलेजात आली. तिला वाटत होतं इंटर्नशिप गेली. आम्ही दोघींनी बसून एक मेल लिहिला. त्यात काय झालं, किती वाजता, साधारण किती जणांनी पाहिलं असेल, काय काढून टाकलं, एवढंच. "मला माहीत नव्हतं" हे वाक्य तिने लिहून मग खोडलं. मी म्हटलं, "ते राहू दे, ते खरं आहे." तिने ते परत लिहिलं.

उत्तर मला अजून आठवतं. संशोधक बाईंनी बैठकीतल्या सर्वांना स्वतः कळवलं होतं आणि तिला लिहिलं होतं, की नियमाचं नाव सांगून अर्थ न सांगणं ही आमची चूक आहे. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक बैठकीच्या निमंत्रणात त्या नियमाचा अर्थ चार ओळींत यायला लागला.

यात मला सर्वात जास्त विचार करायला लावलं ते माझ्या अंगठ्याने. मी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवते. मला तो नियम माहीत होता. पण माझ्या विद्यार्थिनीला तो कधी लागेल असं माझ्या मनात आलंच नाही, कारण माझ्या मनात तिची इंटर्नशिप अजून 'घरून केलेला अभ्यास' होती. प्रत्यक्ष सभागृहात ती बसली असती, तर आजूबाजूच्यांनी फोन पालथे ठेवलेले तिने पाहिले असते, कोणीतरी दारातच सांगितलं असतं. खोलीत एकट्या बसलेल्या मुलीसमोर दारच नसतं. दारातले नियम तिला आधी, शब्दांत, उदाहरणासकट सांगावे लागतात.

कांदा

आता मुख्य भाग. संदर्भासाठी तारखा सांगते. १९ ऑगस्ट २०२३ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी भावात कांदा बाहेर पाठवता येईना. ७ डिसेंबरच्या रात्री विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघाली आणि ८ तारखेपासून निर्यात बंद झाली, ३१ मार्च २०२४पर्यंत. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. १ मार्चला सरकारने बांगलादेशासाठी ५०,००० टनांची मुभा दिली, तीही फक्त एनसीईएल या सहकारी निर्यात संस्थेमार्फत. रमजान तोंडावर होता.

दिल्लीच्या गटाला यावर चार पानांचं टिपण करायचं होतं : निर्यातबंदीचा भारत-बांगलादेश संबंधांवर परिणाम. तिने हे काम स्वतःहून मागून घेतलं. पहिल्या मसुद्याचं पहिलं वाक्य होतं, "निर्यातबंदी हा शेतकऱ्यांवर घोर अन्याय आहे." समासात टिप्पणी आली : कोण म्हणतं? कोणत्या तारखेच्या भावावरून? कोणत्या कांद्याच्या?

आणि त्याखाली एक वेगळा प्रश्न : तुमच्या घरी विक्रीचा कांदा आहे का?

होता. थोडा लाल, आणि रानात उन्हाळ उभा. तिला तो प्रश्न टोचला. आपण शेतकऱ्याची मुलगी आहोत म्हणून आपलं म्हणणं कमी धरतात, असं तिला वाटलं, आणि तिने दोन दिवस मसुद्याला हात लावला नाही. मी तिला समजावताना एवढंच म्हटलं, की न्यायाधीशही नात्यातला खटला आला तर आधी सांगतात. तिने विचार करून टिपणाच्या आरंभी एक ओळ घातली : या टिपणाच्या लेखिकेचं कुटुंब कांदा उत्पादक आहे. ती ओळ शेवटपर्यंत राहिली. मला त्या चार पानांतली ती सर्वात धीट ओळ वाटते.

मसुदा पाच वेळा परत आला. माझ्या अठरा वर्षांच्या नोकरीत मी कुठल्याही विद्यार्थ्याचं लेखन पाच वेळा तपासून दिलेलं नाही, वर्गात साठ उत्तरपत्रिका असताना ते जमतही नाही. प्रत्येक फेरीत तिचे विशेषणांचे शब्द गळत गेले आणि तारखा वाढत गेल्या. तिसऱ्या फेरीत तिने असं काही लिहिलं जे दिल्लीतल्या कोणालाच सुचलं नव्हतं. त्यांच्या मसुद्यात 'कांदा' ही एकच वस्तू होती. तिने लिहिलं, की डिसेंबर ते मार्च बाजारात येतो तो लाल आणि रांगडा कांदा, तो काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. मार्च-एप्रिलनंतरचा उन्हाळ मात्र कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, चार-पाच महिने राहतो. त्यामुळे डिसेंबरात घातलेली 'तात्पुरती' बंदी लाल कांद्यापुरती कायमचीच असते. तो कांदा बंदी उठायची वाट पाहू शकत नाही, मिळेल त्या भावात जातो नाहीतर सडतो. या एका परिच्छेदावर दिल्लीहून टिप्पणी आली, "हे आम्हाला माहीत नव्हतं. पुढे घ्या." तो परिच्छेद तिसऱ्या पानावरून पहिल्यावर गेला.

मग तिने ढाक्याची बाजू उलगडायला घेतली. २९ सप्टेंबर २०१९ला अशीच अचानक बंदी आली होती. पाच दिवसांनी शेख हसीना दिल्लीत व्यापाऱ्यांच्या सभेत हिंदीत म्हणाल्या, की मी आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आणि आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. सगळे हसले होते. त्या नोव्हेंबरात ढाक्यात कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला आणि परदेशातून विमानाने आणावा लागला. १४ सप्टेंबर २०२०ला पुन्हा बंदी, आणि या वेळी बांगलादेशाने लेखी नाराजी कळवली, की पूर्वसूचना देण्याबद्दल आपलं बोलणं झालं होतं.

इथे माझ्या घरभेटीचा प्रसंग सांगते. मार्चमधली दुपार. ओट्यावर प्लास्टिकचं टेबल, त्यावर लॅपटॉप, मागे रिकामी कांदाचाळ. व्हिडिओवर संशोधक बाई. औपचारिक बोलणं झालं, मी रकाने भरले. चहा घेऊन तिचे वडील आले आणि दाराशी थांबले. बाईंनी त्यांना विचारलं, बंदीबद्दल तुम्ही काय सांगाल? ते आपल्या हिंदीत म्हणाले, "मॅडम, बंद करना है तो करो. लेकिन लगाने से पहले बताओ."

ती वडिलांकडे बघतच राहिली. त्या संध्याकाळी तिने टिपणाचा सांगाडाच बदलला. ढाक्याची २०२०ची तक्रार आणि निफाडच्या ओट्यावरची तक्रार एकच होती. बंदी असावी की नसावी या वादातून तिने टिपण बाहेर काढलं आणि पूर्वसूचनेवर आणलं : लागवडीच्या आधी काही ठरतं का, शेजारी देशाला किती दिवस आधी कळतं, वाटेतल्या ट्रकचं काय होतं. तिच्या गावचे एक वाहतूकदार पश्चिम बंगालमधल्या पेट्रापोल आणि महदीपूरच्या सीमेवर माल नेलेले निघाले. त्यांच्याकडून तिला कळलं, की अधिसूचनेच्या दिवशी रस्त्यात असलेल्या गाडीतला कांदा सीमेवर उभ्या उभ्या कोंब धरतो. लासलगाव स्टेशनातून २०२०च्या लॉकडाउनमध्ये कांद्याच्या गाड्या थेट बांगलादेशातल्या दर्शनाला गेल्या होत्या, हेही तिला रेल्वेच्या माल धक्क्यावर काम केलेल्या एका काकांनी सांगितलं, आणि मग तिने रेल्वेच्या प्रसिद्धिपत्रकांतून ते पक्कं केलं. सांगोवांगी आणि पक्कं यांतला फरक ती एव्हाना स्वतःहून करू लागली होती.

टिपणाच्या शेवटच्या भागात तिला एक धक्का बसला. मार्च २०२३मध्ये बांगलादेशाने स्वतःच कांद्याचे आयात परवाने थांबवले होते, ते जूनमध्ये पुन्हा सुरू केले. कारण? त्यांच्या पाबना, फरिदपूर भागातल्या शेतकऱ्यांचा कांदा तेव्हाच निघतो, आणि भारतीय कांदा आला की त्यांचा भाव पडतो. ती मला फोनवर म्हणाली, "मॅडम, म्हणजे आमची निर्यात सुरू झाली की तिकडे कोणाचे तरी बाबा असेच बसत असतील." मी काही बोलले नाही. पंधरा वर्षं मी 'परस्परावलंबन' ही संकल्पना पाठ्यपुस्तकातून शिकवते आहे.

शेवटचे तास

२२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढली. महिनाअखेरीस एनसीईएलचा पहिला माल रेल्वेने दर्शनामार्गे बांगलादेशात पोहोचला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला मुभा मिळाल्यावर नाशिक पेटलं, मग सहा देशांसाठी ९९,१५० टनांचा एकत्र आकडा सरकारने जाहीर केला. तिने ३० एप्रिलला टिपण पूर्ण करून पाठवलं. ४ मेला, शनिवारी, बंदी उठली : टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क.

दिल्लीहून निरोप आला, संध्याकाळपर्यंत दोन परिच्छेदांची पुरवणी मिळेल का? ती तेव्हा काढलेला उन्हाळ पातीखाली झाकत होती. बांधावर बसून मोबाइलवर तिने पुरवणी लिहिली. पहिला मसुदा मला पाठवला, त्यात एक वाक्य होतं : "अखेर शेतकऱ्यांना न्याय मिळाला." दहा मिनिटांनी दुसरा आला. ते वाक्य नव्हतं, त्या जागी शुल्क धरून परदेशी खरेदीदाराला तो कांदा किती रुपयांना पडेल याचा हिशेब होता.

डायरीतले तास १६०च्या वर गेले, क्रेडिट १२०चंच मिळालं. टिपण गटाच्या संकेतस्थळावर तिघांच्या नावांनी आलं, त्यात तिचं नाव शेवटी होतं. ती ओळखही गटाने दिली, मागावी लागली नाही, याची नोंद करायला हवी, कारण इंटर्नचं लेखन नाव न देता वापरण्याची पद्धत सर्रास आहे. उणीवही नोंदवते : चार महिन्यांत ती कुठल्याही सहकाऱ्याला प्रत्यक्ष भेटली नाही, आणि मोठ्या माणसांच्या बैठकीत तोंड उघडून प्रश्न विचारायचा धीर तिला आला नाही. कॅमेरा बंद करून ऐकण्याची सोय होती, ती तिने शेवटपर्यंत वापरली. यावर मी काही करू शकले असते असं आता वाटतं. एक प्रश्न आधी लिहून ठेव आणि आज तो विचारच, एवढं सांगायला हवं होतं.

पुढच्या वर्षी आम्ही ओजेटीचा फॉर्म बदलला. शिक्क्याच्या रकान्याशेजारी आता चार ओळी आहेत : काम कोण वाचणार, किती दिवसांत परत देणार, काय गोपनीय आहे, आणि लेखनावर नाव येणार का. शुल्क मागणारी संस्था समितीकडे येतच नाही. जिथे मानधन नाही तिथे निदान मोबाइलचा डेटा आणि छपाईचा खर्च कॉलेजच्या विद्यार्थी निधीतून द्यावा, असा ठराव मी मांडला. तो दोनदा पुढे ढकलला गेला आणि तिसऱ्यांदा मंजूर झाला.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी तिने प्रबंधिकेसाठी निफाड आणि पाबना असा विषय घेतला. ५ ऑगस्ट २०२४ला ढाक्यात हसीना यांचं सरकार गेलं, तिने जमवलेले निम्मे संदर्भ एका दिवसात जुने झाले. "मॅडम, विषय बदलू का?" असं विचारायला ती आली होती. बोलता बोलता तिने वही उघडली. त्यात बांगला मुळाक्षरं गिरवलेली होती, वर्तमानपत्रं मूळ भाषेत वाचायची म्हणून, आणि पानाच्या तळाशी तिने लिहिलेला पहिला पूर्ण शब्द : पेँयाज. कांदा. मी म्हटलं, विषय तोच ठेव.